ताईंचा गीझर आणि दाजींची काकडी

२७ जानेवारी, शुक्रवार, सकाळी चहानंतर. स्थळ: अल मुंतझातल्या आमच्या जुन्या व्हिलाचं मागचं अंगण. उपस्थित: दाजी (अध्यक्ष, सेफ्टी शूज घालून), ताई, त्यांची लेक मनू (फोनसह), आमचे हे (चहाचा दुसरा कप घेऊन, मताचा अधिकार नाही) आणि मी (इतिवृत्त लिहायला). विषय एकच: काकडीचं बी आज टाकायचं की नाही. निर्णय: नाही.

कतारमध्ये थंडी संपून पेरणीचे दिवस नेमके कधी सुरू होतात हे हवामान खात्याला कळत असेल, नर्सरीवाल्यांना कळत असेल, पण ते अधिकृतपणे जाहीर करण्याचा हक्क या पृथ्वीवर एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे, ताईंचे, यजमान. आमचे हे त्यांना दाजी म्हणतात म्हणून मीही म्हणू लागले, आणि आता दोह्यातली आमच्या ओळखीची झाडून सगळी मराठी माणसं त्यांना दाजीच म्हणतात. त्यात त्यांच्याहून वयाने मोठी असलेलीसुद्धा आली. कोपऱ्यावरच्या बकालाचा, म्हणजे वाणसामानाच्या दुकानाचा, मल्याळी मालक त्यांना "दाजी सार" म्हणतो. हे त्यांचं आडनाव आहे अशी त्याची समजूत आहे आणि ती दूर करण्याची गरज कोणाला वाटलेली नाही.

दाजी रास लफानला गॅसच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहेत. नळ्यांमधून वाहणाऱ्या गोष्टींचं तापमान आणि दाब मोजणारी जी असंख्य उपकरणं असतात, ती खरं बोलताहेत की नाही हे तपासणं, हे त्यांचं काम. कंपनीची बस त्यांना पहाटे घेऊन जाते आणि संध्याकाळी आणून सोडते; पण बसमधून उतरताना कारखाना बसमध्येच सोडून यायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नसावं. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच वर्षी माझ्या कुकरचा व्हॉल्व्ह उडाला. आवाज ऐकताच दाजींनी खालून ओरडून दोन्ही घरं रिकामी केली, सगळ्यांना अंगणातल्या खजुराच्या झाडाखाली उभं केलं आणि डोकी मोजली. एक डोकं कमी भरलं. आमचे हे अंघोळीला बसले होते. ते टॉवेलवर खाली येऊन मोजणीत सामील होईपर्यंत दाजींनी मला गॅस बंद करायलासुद्धा वर जाऊ दिलं नाही. तो त्यांनी खालूनच, मुख्य सिलिंडरपाशी बंद केला होता. छताला लागलेली डाळ तशीच वाळली. तिचा एक पिवळा ठिपका अजून आहे. स्वयंपाकघर रंगवायचं काम माझ्या यादीत बरीच वर्षं आहे, पण तो विषय वेगळा.

कामावर निघताना ते वेलींचा चार्ज दुसऱ्याला दिल्याशिवाय जात नाहीत. हा चार्ज माझ्याकडे येतो. मी एका क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंटचं काम बघते, याद्या करते, त्या पाळते आणि झालेल्या कामावर काट मारल्याशिवाय मला झोप येत नाही. त्यामुळे या घरात शिस्त काय ते दोघांनाच कळते, असं दाजींचं ठाम मत आहे. "वहिनी, एक नंबर नॉर्मल. दोन नंबरची वेल काल दुपारपासून जरा नाराज आहे, लक्ष ठेवा. तीन नंबरला पाणी देऊ नका, मागितलं तरी." इतकं बोलून ते बसमध्ये चढतात. तीन नंबरने माझ्याकडे आजवर पाणी मागितलेलं नाही, पण मी वहीत नोंद ठेवते. ताईंकडे हा चार्ज त्यांनी कधीच दिला नाही. "तिला प्रोसेसचं महत्त्व नाही," असं ते म्हणतात. ताई वेलींना पाणी घालतात ते तांदूळ धुतलेलं, आणि मनाला येईल तेव्हा. वेली मात्र त्यांच्याच बाजूच्या जास्त वाढतात. यावर दाजींनी अनेक स्पष्टीकरणं दिली आहेत.

आता काकडीची अडचण समजून घ्यायला हवी. इथली जमीन म्हणजे खारट वाळू. तिच्यात काही उगवायचं तर नर्सरीतून पोत्याने गोड माती आणावी लागते. गोड म्हणजे नुसती बिनमिठाची. ती पसरली की पुढचा प्रश्न वेळेचा. भोपळा, दोडका, काकडी ही मंडळी उबेची. थंडी संपायच्या आत बी टाकलं तर ते ओल्या मातीत कुजतं. आणि थंडी पूर्ण संपायची वाट पाहिली तर वेल फळ धरायच्या सुमाराला इथलं ऊन असं काही उतरतं की फुलं उभ्या उभ्या करपतात. या दोन्हीच्या मधे जेमतेम थोडे दिवस मिळतात, आणि ते दरवर्षी मागेपुढे होतात. ओळखीतले एक गृहस्थ दरवर्षी संक्रांतीला बी टाकतात, कारण गावाकडे त्यांच्या घरी तेव्हा टाकायचे. दाजी त्यांचा उल्लेख "ते तिळगूळवाले" असा करतात.

यावर मी एकदा साधा उपाय सुचवला. म्हटलं, दाजी, तुमचा तर धंदाच तापमान मोजायचा. एक थर्मामीटर मातीत खोचा आणि मोकळे व्हा. दाजींनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "वहिनी, थर्मामीटर थर्मामीटरला काय वाटतं ते सांगतो. काकडीला काय वाटतं ते त्याला कोण सांगणार? आयुष्य गेलं माझं त्यांच्यात. मला नका सांगू."

तेव्हा दाजी काय मोजतात, तर ताईंचा गीझर.

हे जरा उलगडून सांगते. इथे पाण्याच्या टाक्या गच्चीवर असतात. थंडीत त्यांतलं पाणी इतकं गार होतं की भांडी घासायला स्वयंपाकघरातला गीझर लावावा लागतो. आणि उन्हाळ्यात तेच पाणी इतकं तापतं की गीझर बंद करून, घराच्या आत असलेल्या त्याच्याच टाकीतलं पाणी गार म्हणून वापरावं लागतं. आखातात राहिलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. दाजींचा शोध असा की, ताई भांडी घासताना ज्या दिवशी आपण होऊन, कोणी न सांगता, गीझर बंद करतात, त्या दिवशी गच्चीवरचं पाणी हाताला सोसू लागलेलं असतं. आणि जे ताईंच्या हाताला सोसतं ते काकडीच्या बीला सोसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बी जमिनीत. ही पद्धत त्यांनी अनेक वर्षं वापरली आणि ती एकदाही चुकली नाही, हे मला मान्य करायला हवं. अट फक्त एक: ताईंना हे कळता कामा नये. "सेन्सरला कळलं की आपण सेन्सर आहोत, की रीडिंग बिघडलं," असं त्यांनी मला जिन्याखाली नेऊन हळू आवाजात सांगितलं होतं. त्यांनी तसंच जिन्याखाली नेऊन आमच्या ह्यांना, मनूला आणि पाडव्याला जेवायला येणाऱ्या जवळजवळ सगळ्या पुरुषांना सांगितलेलं आहे.

ताईंना अर्थातच पहिल्यापासून माहीत आहे. "अगं, भांडी घासताना मागे येऊन उभे राहतात," त्या मला म्हणाल्या होत्या. "स्विचकडे बघतात आणि विचारतात, चहा आहे का? चहाचा कप हातात असतो त्यांच्या."

यंदाची गोष्ट अडली ती पाडव्यावरून. पाडव्याला आमच्या ओळखीची दहाबारा कुटुंबं आमच्या अंगणात जेवतात. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी हे सगळं वाटून घेतलेलं असतं, पण कोशिंबीर कायम दाजींची. काकडी त्यांच्या वेलीची, कापायचीही त्यांनीच, विळीवर बसून. एरवी दाजी गर्दीत फारसे दिसत नाहीत. उपकरणं बरोबर चालली तर त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, तसंच त्यांचं आहे. पण त्या एका दिवशी लोक वाटी पुढे करून "दाजी, थोडी अजून" म्हणतात, आणि दाजी खाली मान घालून वाढत राहतात. मनू तर लहानपणी याच काकडीशिवाय दुसरं हिरवं काही तोंडात घालत नसे. गेल्या पाडव्याला ती सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, नेक्स्ट इयर इज माय लास्ट पाडवा हिअर. देअर बेटर बी काकडी." यंदाच्या ऑगस्टमध्ये ती कॉलेजसाठी पुण्याला जाणार, हे तेव्हाच ठरलेलं होतं. दाजी म्हणाले, "काकडी असेल. लिहून घ्या, वहिनी." मी लिहून घेतलं.

मात्र गेल्या वर्षी पाडवा एप्रिलात होता. अधिक महिना यंदा पाडव्यानंतर येणार, त्यामुळे पाडवा सरकून मार्चात आला होता. इतका हिशेबी माणूस, पण चंद्राचा हिशेब त्याने धरलाच नव्हता. हे माझ्या लक्षात आलं नवं कॅलेंडर भिंतीला लावताना, आणि म्हणून ही २७ जानेवारीची सभा.

"दाजी, पाडव्याला काकडी हवी असेल तर बी आजच जायला हवं," मी म्हटलं.

"टाकलं आणि कुजलं तर?"

"मग घरात कपांमध्ये रोपं करू. माझ्या खिडकीत ऊब असते. नंतर लावू अंगणात."

"काकडीला मूळ हलवलेलं चालत नाही, वहिनी. तुम्हाला नाशिकहून उचलून इथे आणलं तेव्हा तुम्हाला आवडलं होतं का?"

"मी रुजले की."

"दोन वर्षं कुरकुरत होती," आमचे हे म्हणाले. त्यांना मताचा अधिकार नाही याची मी आठवण करून दिली.

"अहो, टाका की मेलं," ताई म्हणाल्या. "मूठभर बी ते. नाही उगवलं तर परत टाकू."

"परत टाकायला दिवस कुठे आहेत? एकच संधी आहे आणि ती मी अंदाजाने घालवणार नाही. सिग्नल आलेला नाही."

"कसला सिग्नल?" ताईंनी अत्यंत निरागस चेहऱ्याने विचारलं.

"आहे एक," दाजी खजुराकडे बघत म्हणाले.

"मम्मा, एव्हरीवन नोज…" मनूने फोनमधून मान वर न करता सुरुवात केली, आणि ताईंनी तिच्या पायावर पाय दिला. सभा संपली.

पुढच्याच आठवड्यात मी ताईंचा स्टीलचा डबा परत द्यायला खाली गेले. दुपारची वेळ होती. ताई सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. नळ वाहत होता आणि त्या दातांमधून श्वास आत ओढत होत्या, तिखट लागल्यावर ओढतो तसा. गीझरच्या स्विचचा लाल दिवा बंद होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात बाहेर काढले आणि ओढणीत गुंडाळले. बोटं लालबुंद झाली होती. ताईंना थंडीत बोटांच्या पेरांचा त्रास आहे. सकाळी मूठ मिटत नाही, डॉक्टरांनी गार पाण्यात हात घालू नका म्हणून बजावलेलं आहे. त्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मीच घेतली होती.

"ताई, गीझर बिघडला का?"

"हळू बोल. नाही बिघडला."

"मग?"

"मग काय? हा माणूस माझ्या हाताकडे बघून बी टाकणार. लेकीचा इथला शेवटचा पाडवा आहे. गेले कित्येक दिवस झोपेत कुशी बदलतोय, काकडी काकडी करत. आणि नियम मोडायचा नाही म्हणजे नाही. म्हटलं, आपणच थोडं सोसावं."

"अहो, पण तुमची बोटं…"

"बोटं काय, फेब्रुवारी संपला की सुटतात," त्या म्हणाल्या. "आणि हे तुझ्या वहीत लिहू नकोस."

मी लिहिलं नाही. संध्याकाळी दाजी बसमधून उतरले, स्वयंपाकघरात डोकावले, स्विचकडे बघितलं आणि चहा आहे का म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांना सुट्टी होती. मला सकाळी सातला खालून हाक आली: "वहिनी, सिग्नल आला! यल्ला, चला, सगळ्यांना बोलवा."

दाजींची पेरणी हा सोहळा बघण्यासारखा असतो. आधी सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं करून आज कोणतं काम आहे आणि त्यात कोणते धोके आहेत हे सांगितलं जातं. धोके तेच: पाइपात पाय अडकणे, खुरपं पायावर पडणे आणि आमचे हे. गेल्या वर्षी त्यांनी उरलेला चहा वाफ्यात ओतला होता. मग प्रत्येकाने कागदावर सही करायची. मनूने तिथेही फोनमधून मान वर केली नाही, पण सही केली. मग दाजी गुडघ्यांवर बसले, प्रत्येक आळ्यात बोटाने खड्डा करून रात्रभर भिजवलेलं बी आडवं ठेवलं, वर चिमटीने माती ओढली आणि प्रत्येक वेळी हलकेच थोपटलं. झोपलेल्या मुलाला थोपटतो तसं. उठताना ते मनूला म्हणाले, "पाडव्याला काकडी. इन्शाल्ला नाही, नक्की." ताई हात पदराआड घेऊन उभ्या होत्या.

त्यानंतर उत्तरेचा वारा सुटला. इथे थंडी गेली असं वाटत असतानाच हा वारा येतो, वाळू उडवतो, कपडे दोरीवरून पळवून नेतो आणि मुक्काम करतो. वाफ्यावर काही उगवलं नाही. दाजी रोज कामावरून आल्यावर, डबाही खाली न ठेवता, आधी वाफ्यापाशी जाऊन वाकायचे. मग चौकशी सुरू झाली. बी बिघडलं असेल म्हणून उरलेलं बी त्यांनी ओल्या कागदी रुमालात गुंडाळून माझ्या स्वयंपाकघरात ठेवलं. त्याला भराभर मोड आले. माती तीच होती. आमच्या ह्यांना चहाबद्दल दोनदा विचारलं गेलं. त्यांनी देवाची शपथ घेतली. "मग राहतो फक्त सिग्नल," दाजी म्हणाले. "आणि सिग्नल कधी चुकत नाही." ते वाफ्याकडे बघत नव्हते, मनूच्या खोलीच्या खिडकीकडे बघत होते. आत ती परीक्षेचा अभ्यास करत होती. मला तेव्हा सांगून टाकावंसं वाटलं. पण शब्द दिला होता.

मग एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी स्वतःच आळं उकरून पाहिलं. बी हाताला मऊ लागलं, वासही येत होता. अंगणातल्या नळाला मी कपडे भिजवायच्या टबाचा पाइप लावून ठेवला होता, म्हणून ते मातीचे हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. ताई पोळ्या करत होत्या, मी बाजूला शेंगा निवडत होते. दाजींनी नळ सोडला, हात खाली धरले आणि झटकन मागे घेतले.

"पाणी गार आहे," ते म्हणाले.

"असं?" ताई तव्याकडे बघत म्हणाल्या. "मला नाही बाई वाटत."

दाजींनी स्विचकडे पाहिलं. मग ताईंच्या हातांकडे पाहिलं. लाटणं त्या मुठीत न धरता तळव्याखाली ठेवून ढकलत होत्या. बोटं मिटतच नव्हती. दाजींनी इतकी वर्षं त्या हातांनी काय केलं ते मोजलं होतं, पण हात बघितले होते की नाही कोण जाणे. आता ते बघत होते. तव्यावरची पोळी करपली आणि मी पुढे होऊन ती काढली.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"तुमचं बी पडलं तेव्हापासून. त्याच्या आधी थोडे."

दाजी स्विचकडे वळले. त्यांनी गीझर लावला. बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात चपलेच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा होता. कारखान्यात एखादं यंत्र कोणी हात लावू नये अशा स्थितीत ठेवायचं असेल तर त्याच्या स्विचवर लाल टॅग लावतात, आणि तो ज्याने लावला त्यानेच काढायचा असतो. साहेब आला तरी त्याला हात लावता येत नाही. हे दाजींनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं आहे की मनू ते झोपेत म्हणू शकेल. पुठ्ठ्यावर मनूच्या लाल पेनने लिहिलं होतं: "चालू आहे. चालूच ठेवावा." खाली सही, आणि विभागाचं नाव. त्यांनी तो स्विचवर चिकटपट्टीने चारही बाजूंनी बसवला. फक्त लाल दिवा दिसेल एवढी जागा ठेवली.

"आणि मग तुमची काकडी?" ताईंनी विचारलं.

"कसली काकडी," दाजी म्हणाले आणि पुन्हा अंगणात गेले.

त्या दिवसापासून दाजींकडे सिग्नल उरला नाही. ते फार अस्वस्थ असायचे. आकाशाकडे बघायचे, गच्चीवर जाऊन टाकीला हात लावून यायचे. मग फेब्रुवारीच्या शेवटाला, वारा पडल्यावर, एके सकाळी त्यांनी ताईंना अंगणात बोलावलं. मी वर कपडे वाळत घालत होते. ताई आल्या. दाजी जरा घुटमळले, घसा खाकरला आणि म्हणाले, "जरा हात लावून बघतेस? मातीला."

"मी?"

"हं. तुझ्या हाताला काय वाटतं ते सांग."

इतक्या वर्षांत त्यांनी हे उघडपणे कधी विचारलं नव्हतं. ताई खाली बसल्या, बांगड्या मागे सारल्या आणि आळ्यात हात घालून थोडा वेळ तशाच राहिल्या.

"टाका आता," त्या म्हणाल्या.

ना सह्या झाल्या, ना धोके सांगितले गेले. बी पडलं, आणि ते सगळंच्या सगळं उगवलं.

पण पाडवा थांबला नाही. त्या संध्याकाळी अंगणात नेहमीची मंडळी जमली, दोरीवर दिवे लावले. वेली तारेवर चढल्या होत्या, एकदोन पिवळी फुलंही होती, फळ नव्हतं. बकालातून आणलेल्या काकड्या ताईंनी आत चिरून ठेवल्या होत्या. त्या चिरायला दाजी विळीवर बसले नाहीत. पंगत बसल्यावर त्यांनी उभं राहून जाहीर केलं, "यंदा कोशिंबीर बाहेरची आहे. चूक माझी आहे."

"दाजी, सिग्नल चुकला का हो?" तिळगूळवाले गृहस्थ पलीकडून ओरडले आणि सगळे हसले. "आमच्याकडे संक्रांतीचं बी मस्त आलंय, पाठवून देऊ का?"

"पाठवा," दाजी म्हणाले. या उत्तराची कोणाला अपेक्षा नव्हती. हसू तिथेच थांबलं.

ते वाढत वाढत मनूपाशी आले. तिने चमचाभर तोंडात घातली, नीट चावली. आम्ही सगळे दुसरीकडे बघत असल्याचं दाखवत होतो.

"टेस्ट्स लाइक फ्रिज," ती म्हणाली. मग वाटी पुढे केली. "अजून."

एप्रिलात मात्र काकड्यांनी उच्छाद मांडला. सकाळी तोडाव्यात तर संध्याकाळी तितक्याच. बकालाच्या मालकाला दिल्या, क्लिनिकमध्ये वाटल्या, तिळगूळवाल्यांकडे पिशवी पाठवली. मनू परीक्षा संपल्यावर रोज संध्याकाळी अंगणाच्या भिंतीवर बसून मीठ लावून खायची, आणि दाजी बसमधून उतरून तिच्या शेजारी डबा मांडीवर घेऊन बसायचे. वहीत मी त्या दिवसांची नोंद केली आहे: सर्व वेली नॉर्मल.

आता जून आहे. वेली वाळल्या, ओढून काढल्या, तार गुंडाळून ठेवली, उरलेलं बी डबीत भरून फ्रिजमध्ये टाकलं. मनूचे कागद झाले, सामानाची यादी मी तिला करून दिली आहे. गच्चीवरचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. साऱ्या दोह्यात गीझर केव्हाच बंद झाले. फक्त आमच्या खालच्या स्वयंपाकघरात लाल दिवा अजून चालू आहे, त्यामुळे तिथे एका नळाला गरम पाणी येतं आणि दुसऱ्याला त्याहून गरम. ताई पहाटे बादल्या भरून ठेवतात आणि दिवसभर त्यांतलं पाणी वापरतात. मी दाजींना तीनदा सांगितलं. ते म्हणतात, "हो, बघतो." ताईंना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. त्या ओट्यामागची भिंत पुसत होत्या. फडकं टॅगच्या कडेकडेने, चिकटपट्टीचा कोपरा उचलला जाणार नाही इतक्या बेताने फिरलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "त्यांनी लावलाय. ते काढतील."

खरं म्हणजे एका हाताचं काम आहे, मीही करू शकेन. पण नियम नियम आहे. उन्हाळ्यापूर्वीच्या कामांच्या माझ्या यादीत बाकी सगळ्यावर काट मारून झाली. "खालचा गीझर: टॅग काढणे (दाजी)" एवढंच अजून बाकी आहे.